दोन घड्याळं, दीड एकर आणि चाळीस पौंड

सिडनीत राहणाऱ्या मराठी घरांत मूल दहा वर्षांचं झालं की एक प्रश्न हमखास येतो, ‘जेम्स रूसची तयारी करताय का?’ जेम्स रूस हे शाळेचं नाव. सरकारी शाळा, प्रवेश परीक्षेतून, आणि निकाल वर्षानुवर्षे राज्यात अगदी वरचे. त्यामुळे शनिवार-रविवार क्लास, सराव परीक्षा, आईबाबांची धावपळ. ही शेतकी शाळा आहे आणि तिथे आजही शेती हा विषय शिकवतात, हे बऱ्याच पालकांना प्रवेश मिळाल्यावर कळतं. आणि शाळेला ज्याचं नाव दिलंय तो माणूस घड्याळचोर होता, हे तर त्याहून उशिरा.

दुसरी गंमत सिडनीतल्या हॅरिस पार्क या उपनगराची. तिथल्या विग्रॅम स्ट्रीटला लोक ‘लिटल इंडिया’ म्हणतात. डोसा, चाट, मिठाई, साड्या, सगळं मिळतं. तिथून थोडं चाललं की रूस स्ट्रीट लागतो आणि त्यावर ‘एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज’ नावाचं जुनं बैठं घर आहे. म्हणजे ज्या भागात आपण जिलेबी घ्यायला जातो, तिथेच ऑस्ट्रेलियातल्या इंग्रज वसाहतीची पहिली खाजगी शेती झाली. हॅरिस कोण आणि रूस कोण, हे कळलं की त्या शेतीचं पुढे काय झालं तेही कळतं.

जेम्स रूस इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या लॉन्सेस्टनजवळचा. जन्म १७५९-६० च्या सुमाराचा. वाढला शेतीच्या कामात, पण जमीन दुसऱ्यांची. १७८२ मध्ये बॉडमिनच्या कोर्टात त्याच्यावर घरफोडीचा खटला चालला. माल होता चांदीची दोन घड्याळं. त्या काळी इंग्लंडात घरफोडीला फाशी होती. ती रद्द होऊन सात वर्षं काळं पाणी ठरलं.

इथे थोडं थांबून मागची व्यवस्था बघायला हवी. आपल्याला काळं पाणी म्हटलं की अंदमान आठवतं, पण इंग्रजांनी हा प्रकार आधी स्वतःच्याच लोकांवर चालवला होता. बरीच वर्षं ते कैदी अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवत. १७७५ मध्ये अमेरिकेनं बंड केलं आणि ती वाट बंद झाली. शिक्षा देणारी कोर्टं मात्र चालूच. मग हे कैदी ठेवायचे कुठे? समुद्रावर जाण्याच्या लायकीची न राहिलेली जुनी जहाजं बंदरांत नांगरून त्यांचेच तुरुंग केले. रूसच्या शिक्षेत आफ्रिकेचं नाव होतं, प्रत्यक्षात तो प्लिमथच्या बंदरात ‘डंकर्क’ नावाच्या अशाच एका जहाजावर कुजत पडला. शेवटी सरकारनं ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा निवडला. मे १७८७ मध्ये ११ जहाजांचा ताफा निघाला आणि जानेवारी १७८८ मध्ये पोचला. रूस त्यातल्या ‘स्कारबरो’ जहाजावर होता. पुण्यात तेव्हा सवाई माधवरावांची पेशवाई चालू होती.

ताफ्यातून हजारावर माणसं उतरली, त्यातली सातशेच्या वर कैदी. बहुतेक शहरांतले चोर-चिलटे. शेती कळणारी माणसं अगदी मोजकी. आणि पुढची दोन-तीन वर्षं हे लोक जवळजवळ उपाशी राहिले. मैलोन् मैल जमीन समोर पसरलेली असताना उपाशी का, असं कोणालाही वाटेल.

पहिलं कारण जमीन. सिडनीच्या खाडीकाठी वालुकाश्म आणि रेताड माती. इंग्लंडच्या मातीत वाढलेला गहू तिथे उगवला तरी भरेना. दुसरं कारण बी. महिनोन् महिने जहाजाच्या पोटात ते गरमीनं आणि किड्यांनी खराब झालेलं. तिसरं, ऋतू उलटे. इंग्लंडात उन्हाळा तेव्हा इथे हिवाळा, त्यामुळे घरी शिकलेलं पेरणीचं वेळापत्रक कुचकामी. आणि चौथं, जे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सगळ्यात आधी लक्षात येईल ते म्हणजे बैल नाहीत, नांगर नाही, शेण नाही. ताफ्यानं वाटेत मूठभर गुरं घेतली होती. ती राखणाऱ्या कैद्याची नजर चुकली आणि १७८८ च्या मध्यालाच जंगलात निघून गेली. १७९५ मध्ये सापडली तेव्हा त्यांचा साठेक जनावरांचा मस्त कळप झाला होता. माणसं उपाशी आणि गुरं धष्टपुष्ट, असा उलटा न्याय.

मदत येणार होती तीही बुडाली. रसद घेऊन निघालेलं ‘गार्डियन’ डिसेंबर १७८९ मध्ये हिमनगावर आदळलं. मार्च १७९० मध्ये वसाहतीचं मोठं जहाज ‘सिरियस’ नॉरफोक बेटापाशी फुटलं. एप्रिलपासून मोठ्या माणसाला आठवड्याचा शिधा असा: अडीच पौंड पीठ, दोन पौंड डुकराचं मांस, दोन पौंड तांदूळ. पीठ आणि तांदूळ मिळून आठवड्याला दोन किलोच्या जरा वर. अंगमेहनत करणाऱ्याला रोज तीनशे ग्रॅम धान्य. मांस वर्षानुवर्षं मिठात ठेवलेलं.

(जाता जाता एक गोष्ट. जून १७९२ मध्ये ‘अटलांटिक’ नावाचं जहाज कलकत्त्याहून रसद घेऊन सिडनीला आलं. त्यात तांदूळ होता, डाळ होती आणि रवा होता. इंग्रज अधिकाऱ्यानं नोंदीत ‘डाळ’ आणि ‘सूजी’ हेच शब्द आपल्या स्पेलिंगनं लिहिलेत. विग्रॅम स्ट्रीटवरचे दुकानदार समजतात तितकी त्यांची परंपरा नवी नाही.)

आता रूसकडे येऊ. १७८९ मध्ये त्याची सात वर्षं भरली. तो गव्हर्नर आर्थर फिलिपकडे गेला आणि म्हणाला, माझी शिक्षा संपली, मला जमीन द्या, मी शेतकरी आहे. फिलिपची अडचण अशी की कैद्यांच्या शिक्षांचे कागद इंग्लंडातच राहिलेले. माणसं आली, फाइल आली नाही. कोणाची मुदत कधी संपते हे कैद्याच्या तोंडाशिवाय कळायला मार्ग नव्हता. सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या आपल्यासारख्यांना यात नवीन काही वाटू नये.

फिलिपला लंडनहून हुकूम होता की शिक्षा संपलेल्या माणसाला ३० एकर द्यावी, लग्न झालेलं असेल तर २० जादा, आणि मुलामागे १० एकर. पण कागद नसलेल्या कैद्याला थेट ३० एकर देणं जोखमीचं. शिवाय वसाहतीला एका प्रश्नाचं उत्तर हवंच होतं: एका माणसाला सरकारनं हात दिला तर किती दिवसांत तो सरकारी शिध्याशिवाय जगायला लागेल? हे कळल्याशिवाय पुढे किती लोक आणायचे, किती रसद मागवायची, काहीच ठरत नव्हतं. म्हणून नोव्हेंबर १७८९ मध्ये फिलिपनं रूसला सिडनीपासून आत, रोझ हिलला, म्हणजे आजच्या पॅरामाटाला, जागा दिली. दीड एकर साफ केलेली, आणखी काही साफ करायला मदत, एक झोपडी, अवजारं, बी, दोन डुकरिणी आणि सहा कोंबड्या. त्या जागेला नाव पडलं ‘एक्सपेरिमेंट फार्म’. नाव शेताचं असलं तरी प्रयोग त्या माणसावर होता, असं मला वाटतं.

एक वर्षानं, नोव्हेंबर १७९० मध्ये, वॉटकिन टेंच नावाचा नौसैनिक अधिकारी शेत बघायला गेला. त्यानं रूसला प्रश्न विचारले आणि उत्तरं जवळजवळ त्याच्याच शब्दांत उतरवून घेतली. अठराव्या शतकातला साधा शेतकरी स्वतःच्या पद्धतीबद्दल काय म्हणतो, हे असं क्वचितच हाती लागतं. राजांची पत्रं मिळतात. ढेकळं फोडणाऱ्याचं बोलणं कोण लिहून ठेवतो?

रूसनं सांगितलं ते असं. दीड एकर कुसळांचा गहू, अर्धा एकर मका आणि थोडा भाजीपाला. आधी पडलेली झाडं जागेवरच जाळली आणि राख मातीत खणून घातली. आपल्या कोकणातला राब आठवावा. मग जमीन कुदळीनं खणली, पण दिवसाला आठ-नऊ रॉडच्या वर नाही. रॉड हे इंग्रजी माप. हिशोब केला तर चार चौरस रॉड म्हणजे बरोबर एक गुंठा. तर गडी दिवसाला दोन ते सव्वादोन गुंठे खणायचा. एक एकर व्हायला अठरा-वीस दिवस. सरकारी शेतावर कैदी कसंबसं वरवर खरवडत, त्यावर रूसचा टोमणा होता की आपलं तसं नाही, आपण नीट केलंय. ढेकळं फोडली, गवत आणि तण मातीतच गाडलं, जमीन जमेल तितके दिवस उन्हावाऱ्यात तापू दिली, आणि पेरणीच्या तोंडावर पुन्हा एकदा सगळी उलथली. त्याच्या मते हे नांगरटीच्या जवळ जाणारं काम होतं. नांगराशिवाय, बैलाशिवाय, एका माणसाच्या पाठीवर.

बी फोकून पेरलं. दीड एकराला तीन बुशेल, म्हणजे ऐंशी किलोच्या आसपास. आणि हे बी त्याच देशात पिकलेलं होतं, जहाजातून आलेलं नाही. एवढ्या एका फरकानं निम्मं काम सोपं झालं असणार. थोडी पेरणी मेमध्ये, थोडी जूनमध्ये. मेमधली जास्त चांगली आली, हे त्यानं टिपून ठेवलं होतं. उलट्या ऋतूंच्या देशात पेरणीची वेळ सांगायला कोणी नव्हतं, ती अशीच शोधायची होती. बारा-तेरा बुशेल हाती येईल असा त्याचा अंदाज. म्हणजे पेरलेल्याच्या चौपट, साडेतीनशे किलोच्या आतबाहेर. आजच्या बागायती गव्हापुढे हे काहीच नाही. पण ज्या वसाहतीत आधी बीच वाया जात होतं, तिथे चौपट हातात येणं ही बातमी होती.

मक्याबद्दल विचारलं तर म्हणाला, त्यातलं मला काही कळत नाही, किती निघेल सांगता यायचं नाही. हे वाक्य मला सगळ्यात आवडतं. सरकारी अधिकारी दारात उभा असताना शेतकरी असा सरळ बोलतो, याचा अर्थ गव्हाबद्दल तो जे बोलला तेही खरं असणार.

पुढचं नियोजनही तयार होतं. गहू निघाला की पुन्हा खणायचं आणि सलगम लावायचं, त्यानं जमीन भुसभुशीत होते. काड खड्ड्यांत पुरायचं आणि कुजण्यासारखं जे मिळेल ते त्यात टाकायचं. जमीन कशी आहे? मध्यम, ना चांगली ना वाईट. खत मिळालं तर निभावेल, पण गुरं नसतील तर शेती बसेल, असं त्यानं बजावलं. मदतीला बायको आणि ती कामसू आहे. सरकारनं दिलेला एक कैदी मजूर परत काढून घेतला होता. आणि सगळ्यात मोठा त्रास? चोर. जवळजवळ रोज रात्री इतर कैदी शेतातलं चोरून नेतात. घड्याळं चोरून आलेल्या माणसाची ही तक्रार. टेंचनं त्यावर काही शेरा मारलेला नाही, मीही मारत नाही.

ती बायको म्हणजे एलिझाबेथ पेरी. जून १७९० मध्ये ‘लेडी जुलियाना’ जहाजातून आलेली कैदी. ५ सप्टेंबर १७९० ला दोघांचं लग्न झालं. टेंच आला तेव्हा लग्नाला अडीच महिने होत होते आणि ती शेतात राबत होती. तिचं स्वतःचं बोलणं मात्र कोणी लिहून घेतलं नाही.

फेब्रुवारी १७९१ मध्ये पीक घरात आल्यावर रूस गव्हर्नरकडे गेला आणि म्हणाला, आता मला सरकारी शिधा नको. पंधरा महिने झाले होते. फिलिपला त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. एप्रिलमध्ये रूसच्या नावे ३० एकर झाली, न्यू साउथ वेल्समधली, म्हणजे या वसाहतीतली, पहिली जमीन देणगी. आपल्या भाषेत, पहिला सातबारा.

पण सातबारा म्हटलं की त्याआधी ती जमीन कोणाची होती हे विचारावंच लागतं. पॅरामाटा हे नावच तिथल्या दारुग लोकांच्या बुरामट्टा कुळाचं. अर्थ सांगतात तो असा, जिथे वाम मासे मिळतात ती जागा. इंग्रजांचा कायदा म्हणायचा की ही जमीन कोणाच्याच मालकीची नव्हती, कारण इथे कुंपण नाही, नांगरट नाही, इंग्रजी अर्थाने वस्ती नाही. राजानं हक्क सांगितला की ती राजाची, आणि राजा ती कोणालाही देऊ शकतो. ही समजूत ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानं थेट जून १९९२ मध्ये, माबो खटल्यात मोडीत काढली. रूसला सनद मिळून दोनशे एक वर्षं झाली होती. दरम्यान १७८९ च्या देवीच्या साथीनं सिडनीभोवतीचे मूळचे लोक मोठ्या संख्येनं मेले होते. उरलेल्यांतला पेमुलवुय नावाचा पुढारी पुढे दहाएक वर्षं लढला आणि मार्च १७९७ मध्ये त्यानं याच पॅरामाटावर चाल केली. रूसनं कोणाला मारल्याची नोंद नाही. पण त्याची ३० एकर आली कुठून, ते हेच.

आता दुसरी बाजू. या पहिल्या शेतकऱ्यानं ती जमीन किती वर्षं राखली? अडीच. ऑक्टोबर १७९३ मध्ये त्यानं ती जॉन हॅरिस या लष्करी डॉक्टरला चाळीस पौंडांना विकून टाकली. हॅरिस पार्कचा हॅरिस तो हा. कॉटेजही त्याचंच, १८३५ च्या सुमारास बांधलेलं. रूस त्यात एक रात्रही राहिला नाही, तरी बघायला येणारे अनेक जण ते रूसचंच घर समजतात.

विकली का? न्यायखात्याचा अधिकारी डेव्हिड कॉलिन्स लिहितो की त्या वर्षीच्या पिकानं रूसची निराशा केली आणि त्याला इंग्लंडला परत जायचं होतं. ते पैसे संपले आणि ज्या जमिनीचा तो मालक होता तिथेच मजुरी करायची वेळ आली. कॉलिन्सनं याउपर असंही लिहिलंय की या गोष्टीचं रूसला काही वाटलं नसावं. साहेबाला त्याच्या मनातलं कसं कळलं, कोण जाणे.

माझ्या मते निराश पीक हे निमित्त. मोठं कारण वसाहतीत पालटलेलं वारं. डिसेंबर १७९२ मध्ये फिलिप गेला आणि कारभार लष्कराच्या हाती आला. अधिकाऱ्यांना शंभर-शंभर एकर आणि राबायला कैदी मिळू लागले. रूसच्या शेजारीच जॉन मॅकार्थरची ‘एलिझाबेथ फार्म’ १७९३ मध्ये उभी राहिली, शंभर एकरांची. जहाज आलं की अधिकारी मिळून माल विकत घेत आणि कितीतरी पट भावानं विकत. रमची दारू चलनासारखी फिरे. छोट्या शेतकऱ्यानं धान्य द्यायचं, उधारीवर सामान आणि दारू घ्यायची, आणि पुढचं पीक गहाण टाकायचं. बाकी वर्णन करायची गरज नाही, विदर्भ-मराठवाड्यात ही गोष्ट तोंडपाठ आहे. फक्त सावकाराच्या अंगावर लाल कोट होता.

जानेवारी १७९४ मध्ये रूस हॉक्सबरी नदीकाठी गेला, तिथल्या पहिल्या बावीस वसाहतवाल्यांपैकी एक म्हणून. गाळाची काळी जमीन, पॅरामाटापेक्षा कितीतरी कसदार. नदीकाठचा हाच पट्टा दारुग लोकांच्या रानकंदांचा. कंद उपटून मका लावला गेला आणि तिथून मारामाऱ्या सुरू झाल्या. गाळाची जमीन कसदार असते कारण तिथे पूर येतो. हे गणित त्या शेतकऱ्यांना नदीनं वारंवार समजावलं. रूस कर्जात गेला. पुढे १८०९ आणि १८१९ मध्ये त्याला आणखी जमिनी मिळाल्या. त्याही धरून ठेवता आल्या नाहीत. १८२८ च्या जनगणनेत तो लोअर मिंटो इथे एका जमीनदाराच्या शेतावर मुकादम म्हणून सापडतो. सत्तरीच्या घरात, पुन्हा दुसऱ्याच्या जमिनीवर, जसा लॉन्सेस्टनला होता.

ऑस्ट्रेलियात बराच काळ घरोघरी असा मूळपुरुष लपवायची पद्धत होती. पणजोबा कैदी होते हे मुलांना सांगत नसत, बायबलच्या पानावर लिहिलेल्या वंशावळीतून नाव खोडत. आता वारा फिरलाय. पहिल्या ताफ्यातला कैदी पूर्वज निघाला की लोक घराणं सापडल्यासारखे खूश होतात. चोराची नोंद कोर्टात, शिध्याच्या वहीत, लग्नाच्या रजिस्टरात, जमिनीच्या दप्तरात, जनगणनेत अशी सगळीकडे सापडते. गुन्हा न केलेल्या त्याच्या भावंडांचा मागमूस नसतो.

एलिझाबेथ १८३६ मध्ये गेली. रूस ५ सप्टेंबर १८३७ ला, लग्नाच्या तारखेलाच. कॅम्बेलटाउनच्या कॅथलिक दफनभूमीत त्याला पुरलं. थडग्यावरचा मजकूर त्यानं स्वतःच कोरून ठेवला होता असं सांगतात, आणि स्पेलिंग बघता ते पटतं. शब्द उच्चारले तसे लिहिलेत, ‘फर्स्ट’ दोनदा आलाय आणि दोन्ही वेळा चुकलाय. आईनं प्रेमानं वाढवलं, माझ्यासाठी कष्ट काढले, आणि या वसाहतीत पहिलं धान्य मी पेरलं, असं त्यात लिहिलंय.

पहिलं धान्य त्यानं पेरलं नव्हतं, हे काटेकोरपणे सांगायला हवं. फिलिपचा नोकर हेन्री डॉड रोझ हिलच्या सरकारी शेतावर १७८८ पासून राबत होता आणि १७८९ च्या अखेरीस त्यानं सुमारे २०० बुशेल गहू काढला. डॉड जानेवारी १७९१ मध्ये मेला. त्याच्या नावाच्या शाळेत घालायला सिडनीत कोणी मुलांना क्लास लावत नाही.